स्वच्छ जागेचा नमुना

नाशिकहून परत आल्यापासून लोक मला तीनच प्रश्न विचारतात. द्राक्षं आणलीस का, वणीला जाऊन आलीस का आणि मिसळ खाल्लीस का. मिसळ खाल्ली. बाकी दोन्हींचं उत्तर नाही असं आहे, आणि ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते तिला मी वैतागले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. यापुढे कुणी विचारलं की हे कागद पुढे करायचे.

माझं काम हवेची गणितं करण्याचं. कुठे काय जळतं, वारा कुठून येतो, ऊन किती पडतं हे संगणकात भरायचं आणि हवेत कुठली विषारी रसायनं कुठे तयार होतील ते काढायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. मॉडेलमध्ये महाराष्ट्राचे बारीक बारीक चौकोन पाडलेले आहेत. हिरवा चौकोन म्हणजे हवा बरी, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे काही खरं नाही. हे काम मी वीस वर्षं पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, धूळ येते म्हणून खिडक्या लावून घेऊन करते आहे. नकाशा आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला आहे. तो कुणी उघडून पाहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डिसेंबरात एक पत्र आलं. चक्क पोस्टाने, रेघांच्या कागदावर, शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात. लिहिणाऱ्या होत्या संगीता पगारे, विंचूरच्या अलीकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. गावाचं नाव मी लिहीत नाही. पत्रातली चार वाक्यं मात्र जशीच्या तशी लिहिते, कारण ती मला पाठ झाली आहेत: "तुमच्या नकाशात आमचं गाव हिरवं आहे. माझ्या वर्गातली अकरा मुलं दिवाळीपासून खोकत आहेत. थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून इथे पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात आणि त्यात ठिबकचे जुने पाइप टाकतात. तुमचा नकाशा चुकतो आहे की माझी मुलं?"

पुढे असं होतं की बाईंनी ग्रामपंचायतीकडे शेकोटीत प्लास्टिक जाळायला बंदी घाला म्हणून अर्ज केला होता. सरपंच म्हणाले, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत लेखी पुरावा आणा, ठराव करून टाकू. पुरावा नाही आला तर मात्र गावाची उगाच बदनामी करणाऱ्या बाई आम्हाला नकोत, बदली मागू.

मी मॉडेल उघडून त्या गावाचा चौकोन पाहिला. काय जळतं त्याच्या यादीत दोन पिठाच्या गिरण्या, मोटारसायकली आणि स्वयंपाकाचा गॅस एवढंच होतं. शेकोटी नव्हती. ती यादी मीच मंजूर केली होती. राग आला, आणि कुणावर काढायचा हे कळेना, म्हणून जानेवारीत मीच निघाले.

नाशिक रोड

पहिली रात्र पगारे बाईंच्या घरी काढली. नाशिक रोडच्या एका वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचं कपाट आणि कपाटावर वर्गाच्या हजेरीपटांची चळत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी हजेरीपट उघडून दाखवला. हजर मुलांच्या खुणेशेजारी काही ठिकाणी पेन्सिलीने बारीक टिंब होतं.

"टिंब म्हणजे त्या दिवशी खोकला," त्या म्हणाल्या. "मला विज्ञान फारसं येत नाही मॅडम. मोजता येतं."

हे वाक्य मला लागलं, कारण मला विज्ञान येतं आणि मी मोजलं नव्हतं.

शेजारचे दोघेतिघे मला बघायला आले. प्रदूषणाच्या मॅडम आल्यात म्हटल्यावर प्रत्येकाने एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, थंडीतल्या पहाटे तिकडची हवा त्या गावाकडे जात नाही, मी वाऱ्याचं गणित केलंय. ते म्हणाले, तुमचं गणित असेल, पण चिमणी दिसते ना. जी दिसते ती चोर, हा न्याय पुण्यातही आहे. आमच्याकडे तो रिक्षांना लावतात.

सकाळी बाईंनी मिसळ खायला नेलं. तर्री वेगळी, पापड वेगळा, दही वेगळं. पुण्यात मिसळ अशी मोकळी कधीच मिळत नाही. तिथेच माझं नाक वाहायला लागलं. मला वाटलं तिखटाने. ती सर्दी होती, आणि ती पुढे सगळा मुक्काम माझ्याबरोबर राहिली. हवेचा अभ्यास करायला निघालेली बाई आणि नाक बंद! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गावात, पहिली पहाट

सरपंचांना सगळे दत्तूअण्णा म्हणतात. उतरायची सोय त्यांच्याच बंगल्यात होती. बंगला नवा, दुमजली, गच्चीवर सोलर, पुढे द्राक्षबाग, मागे शहाबादी फरशीचं स्वच्छ परसू, त्यात तुळस आणि न्हाणीघर. ज्यांच्याविरुद्ध अर्ज, त्यांच्याच घरी पाहुणचार, हे मला अवघड वाटत होतं. अण्णांना काहीच वाटत नव्हतं.

"बाईंचं आन आमचं भांडण कागदावर हाय," ते म्हणाले. "तुमी पाव्हण्या हात. वणीला कधी जाताय? गाडी देतो."

मी माझे तीन पंप लावले. पंप म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. तोंडाशी बोटाएवढी नळी असते, पंप हवा हळूहळू ओढत राहतो आणि हवेतली विषारी द्रव्यं नळीतल्या भुकटीला चिकटून बसतात. मग ती नळी पुण्याला पाठवायची. तिथे माझी सहकारी शुभदा ती तपासते. एक पंप बागेच्या बांधावर, एक शाळेच्या ओट्यावर. तिसरा लागतो तो तुलनेसाठी, अशा ठिकाणी जिथे काही जळत नाही. त्यासाठी मी अण्णांचं परसू निवडलं. पहाटेचा वारा त्या बाजूने येतो, शेकोट्या पलीकडे, आणि फरशीवर भात सांडला तरी वेचून खावा इतकं ते स्वच्छ. न्हाणीघराच्या भिंतीला खिळा होता, त्यालाच पंप टांगला. आपण काय शास्त्रशुद्ध जागा शोधली म्हणून स्वतःवर खूशही झाले.

पहाटे पाचला स्वेटर, शाल, कानटोपी असा अवतार करून बागेत गेले. थंडी अशी की बोटं पंपाचं बटण दाबेनात. आणि बागेत? काही नाही. चार ठिकाणी द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांच्या शेकोट्या, तुळशीच्या लग्नात शोभतील अशा. पाइपाचा एक तुकडा कुठे दिसेना.

"अण्णा, पाइप कुठे आहेत?"

"कालच दवंडी दिली," अण्णा अभिमानाने म्हणाले. "मॅडम हाय तवर बागंत एक बी पाइप जळाला नाय पायजे. समदे उचलून घरी न्यायला लावले."

"अहो, पण मी तेच मोजायला आलेय!"

"मंग मोजा की. आमी कुटं नाय म्हनलं?"

पुण्यात पाहुणा दारात आला तर आम्ही आधी अंदाज घेतो, हा जेवूनच जाणार की काय. इथे पाहुणा येणार म्हणून गावच्या गावाने पसारा आवरला होता. त्यात लबाडी होती का? थोडी असेल. पण बरीचशी ती लग्नाघरी ओटा सारवतात तसली सवय होती, आणि तिच्याशी भांडता येत नाही हेच मोठं दुखणं होतं.

आठ वाजता कुडकुडत परत आले तर अण्णांच्या पत्नी कमलताई परसात पदर खोचून उभ्या.

"मॅडम, पानी उकळतंय. आदी अंगूळ करा, मंग च्या."

सोलर होता, पण सोलरचं पाणी पहाटे कोमट, आणि पाहुण्याला कोमट पाणी देणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. न्हाणीघराच्या मागच्या पडवीत तांब्याचा मोठा बंब होता. मी गेले तेव्हा त्यात निखारे तेवढे होते. पाणी मात्र असं कडक की पहिला तांब्या अंगावर घेतला आणि बोटांत जीव आला. मी बाहेर येऊन म्हटलं, "कमलताई, असं पाणी पुण्यात मिळत नाही." त्या लाजून हसल्या.

दुसरी आणि तिसरी पहाट

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे त्याहून कहर. एका शेतकऱ्याने शेकोटीत मूठभर ऊद टाकला होता, मॅडमना वास चांगला यावा म्हणून. मला वास येत नव्हता, पण नळीला येत होता, आणि ऊद जळल्यावरही नको ती द्रव्यं निघतातच. मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "उद्या धूप टाकतो." मी बांधावर बसून राहिले.

"तुम्ही नेहमी करता तसंच करा हो," मी सगळ्यांना हात जोडून सांगत फिरले. "मी गेल्यावर जे करणार ते मी असताना करा." लोक मान डोलावत, चहा पाजत आणि वणीचा रस्ता सांगत. एका आजोबांनी तर मला समजावलं, "पोरी, पाव्हण्यासमोर कुनी घान करतं का?"

मी पगारे बाईंवरही चिडले. तुम्ही आधी सांगितलंत कशाला मी येणार म्हणून? त्या शांतपणे म्हणाल्या, "मी नाही सांगितलं. तुमच्याच संस्थेने ग्रामपंचायतीला परवानगीचं पत्र पाठवलं." ते पत्र माझ्याच सहीचं होतं.

तिन्ही दिवसांच्या नळ्या पुण्याला जाणाऱ्या एसटीतून पार्सल केल्या. मनात म्हटलं, झालं. नळ्या स्वच्छ निघणार, सव्वीस तारखेला माझाच कागद अण्णांच्या हातात पडणार आणि त्या कागदावर बाईंची बदली होणार. ज्यांनी मला बोलावलं त्यांचाच मी गळा कापणार होते, तोही शास्त्रशुद्ध पद्धतीने.

शाळेत

दुपारी बाईंनी मला वर्गात उभं केलं. मुलांना सांगा म्हणाल्या, हे विष कुठून येतं. मी सुरू केलं आणि दोन मिनिटांत मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. मग बाईंनी खडू माझ्या हातातून काढून घेतला.

"हे बघा. पाइपात विष आहे का?"

"नाऽऽही."

"नाही. पाइपातून आपण पाणी देतो. पण पाइप जाळला तर तो नीट जळत नाही, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, डोळ्यांना न दिसणारे. ते धुराबरोबर वर जातात. धूर थंड व्हायला लागला की ते तुकडे पुन्हा एकमेकांचे हात धरतात. पण आधी ज्याचा हात धरला होता त्याचा नाही, दुसऱ्याच कुणाचा. आणि जे पाइपात नव्हतं, काडीत नव्हतं, असं नवीनच काहीतरी तयार होतं. ते विष. आणि पहाटे हवेवर थंडीचं झाकण असतं, म्हणून ते वर जात नाही, आपल्याजवळच राहतं. बरोबर ना मॅडम?"

बरोबर होतं. हे सांगायला मी चाळीस पानं आणि सात समीकरणं घेते.

पहिल्या बाकावर अण्णांची नात तनू होती, दुसरीतली, दोन वेण्यांची. ती सारखी खोकत होती. कोरडा, खोलवरून येणारा खोकला. तास संपल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? बागेत तीन दिवस पाइप जळलेला नाही. तनू मात्र आधीपेक्षा जास्त खोकतेय. आज टिंबाऐवजी फुली केली मी."

"तीन दिवसांत फरक पडत नसतो बाई," मी म्हटलं. "असे निष्कर्ष काढायचे नसतात."

हे मी त्यांना म्हटलं. लिहिताना अजूनही कानशिलं तापतात.

हळदीकुंकू

चौथ्या दिवशी संध्याकाळी कमलताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझ्या घरी हे सगळं आईबरोबर संपलं. गावभरच्या बायका आल्या. पगारे बाईही आल्या. त्या कुंकू लावत नाहीत हे सगळ्यांना माहीत, त्यांच्या हातावर तिळगूळ आणि गुलाबाचं फूल ठेवलं गेलं. पूर्वी तेवढंही नव्हतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या. वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकची एकेक डबी. मी डबीकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसू दाबत बसलो.

बायका माझ्यावर खूश होत्या. मॅडममुळे यंदा बागेचा धूर घरात येत नाही, रोज यावं मॅडमनी. आणि प्रत्येकीचा पुढचा प्रश्न एकच: "पानी मिळतं ना कडक?"

तेवढ्यात पुण्याहून शुभदाचा फोन आला. मी परसात जाऊन घेतला.

"लेबलं बदलली आहेस का गं?" तिने विचारलं.

"मी? लेबलं?"

"चिडू नकोस. बागेची नळी ठीक आहे, थोडा लाकडाचा धूर. तिसऱ्या दिवशी काय जाळलं होतं कोण जाणे, देवळात बसल्यासारखी नळी आहे. शाळेत मात्र थोडं काही काही आहे. आणि तुझी तुलनेची नळी, तू 'स्वच्छ जागा' लिहिलंयस ती, तिच्यात बेंझिन आहे, स्टायरिन आहे, क्लोरीनवाली सगळी मंडळी आहेत. यंत्र दोनदा धुवावं लागलं मला. तिन्ही दिवस तेच. कुठे टांगलास पंप?"

मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. फरशी चकचकीत. तुळशीपुढे पणती. मी शुभदालाच झापलं, म्हटलं तुझं यंत्र बिघडलंय. वीस वर्षं एकत्र काम केल्यामुळे तिने फोन ठेवला नाही. "उद्या पहाटे बागेत जाऊ नकोस," ती म्हणाली. "तिथेच थांब."

पाचवी पहाट

पावणेसहाला मी खोलीतून निघून मागच्या दाराने परसात आले. नाक बंदच होतं, पण डोळे झोंबायला लागले. न्हाणीघराला वळसा घालून पडवीत गेले.

बंब पेटलेला होता. कमलताई पाटावर बसल्या होत्या. शेजारी काळ्या आणि करड्या पाइपांचे वीतभर तुकडे, एकसारखे कापलेले, रांगेत रचलेले. त्या एकेक तुकडा बंबाच्या तोंडात सारत होत्या. आणि त्यांच्या कुशीत, गोधडीत गुंडाळलेली, बंबाकडे हात पसरून शेकत बसलेली तनू.

"कमलताई, हे काय?"

त्या दचकल्या. मग त्यांना वाटलं मी पाण्याला उशीर झाला म्हणून आले. "झालंच बगा, पाच मिंटं."

"हे पाइप का जाळताय?"

"आवो, बागंतून उचलून आनले ना तुमच्यासाठी. येरवी येखांदा तुकडा टाकतो पेटवनाला. आता ढीगच लागला घरात. हे म्हनले बागंत जाळायचा नाय, मॅडमचं यंत्र हाय. मंग म्हनलं वाया कशाला घालवा? तुमच्या पान्याला होईल. लय लवकर उकळतं याच्यावर."

"आणि ही?"

"थंडीची उठती माझ्यासंग. हितं ऊब लागती तिला." तनू खोकली. कमलताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला बंबाच्या आणखी जवळ घेतलं.

पाच पहाटा ती मुलगी इथे बसत होती आणि चार सकाळी मी ते पाणी अंगावर घेऊन म्हणत होते, कमलताई, असं पाणी पुण्यात मिळत नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी आधी तनूला उचलून घरात नेलं. मग परत येऊन, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत, कमलताईंना सगळं सांगितलं. पगारे बाईंसारखं नाही जमलं. पण त्यांना कळलं. हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला.

त्या दिवशी बाईंना घेऊन गावातून एक चक्कर मारली. घराघरांच्या मागे तेच. बागांमधले पाइप घरी आलेले आणि बंबात, चुलीत चाललेले. गाव पाहुणीसाठी स्वच्छ झालं होतं आणि तो सगळा केर मुलांच्या उशाशी येऊन जळत होता.

"म्हणजे मुलं चुकत नव्हती," बाई म्हणाल्या.

"नाही. आणि फुली बरोबर होती. माफ करा."

पण कागदाचं काय? शास्त्राचा नियम असा की तुलनेची जागाच दूषित निघाली तर बाकीचे नमुने ग्राह्य धरत नाहीत. अहवालात मला प्रामाणिकपणे एकच वाक्य लिहिता येत होतं: निष्कर्ष काढता येत नाही. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी हजेरीपट मिटून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तेच लिहा. खोटं नको. बदली झाली तर झाली."

सव्वीस जानेवारी

झेंडावंदन, लाडू, मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. पुढे पुरुष, कडेला बायका. अण्णांनी माझा कागद वाचला. "निष्कर्ष काढता येत नाही. म्हंजे काय सापडलं नाय. बरं का मंडळी, बाईंचा अर्ज आपन…"

"सापडलंय," मी उभी राहून म्हटलं. "बागेत नाही. अण्णा, तुमच्या परसात."

कुजबुज सुरू झाली. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना खरोखर काही कळत नव्हतं. पाइप घरी आणायला त्यांनीच लावले होते, त्यांचं पुढे काय होतं हे बंबाकडे कधी गेलेच नाहीत म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर बायकांमधून कमलताई उठल्या होत्या. एक गोणी ओढत त्या मधोमध आल्या आणि नवऱ्यापुढे टेबलाशी ती पालथी केली. वीतभर तुकडे घरंगळले.

"पानी मी तापवलं," त्या म्हणाल्या. "तनूला शेकायला मीच बसवायची. मला कुनी सांगितलंच नाय याच्यात काय असतंय. बाईंनी अर्ज दिला तवा तुमी म्हनले, बागंचं काय बाईमानसाला कळतं. आता सांगा, हे कुटं जाळू?"

अण्णा खाली बघून म्हणाले, "बंबात नको. बंबाचा ठराव घेऊ. बागंचं पुढल्या सभंत…"

"पाइप येकच हाय," कमलताई म्हणाल्या. "बंबात जळला काय आन बागंत जळला काय. नात बी येकच हाय."

मागून बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. ठराव झाला. पाइप आणि जमिनीवर अंथरतात तो मल्चिंगचा प्लास्टिक कागद कुठेच जाळायचा नाही, दर महिन्याला भंगारवाल्याला द्यायचा. बाईंच्या बदलीचं नावही कुणी काढलं नाही.

पण हे सरळ संपलं असतं तर तो माझा प्रवास कसला? ग्रामसेवकांनी ठराव लिहून वाचून दाखवला: "बाहेरगावाहून पाहुणे आल्यास गावात कोणीही प्लास्टिक जाळू नये." मी कपाळावर हात मारला. पगारे बाई पुढे गेल्या, त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाल्या, "पहिले तीन शब्द खोडा."

निघायच्या दिवशी कमलताईंनी सोलरचं पाणी काढून ठेवलं होतं. "कोमट हाय मॅडम," त्या ओशाळून म्हणाल्या. मी ते घेतलं. दात वाजले. बाहेर येऊन त्यांचा हात धरून उभी राहिले. द्राक्षांची पेटी त्यांनी बांधून ठेवली होती. ती मी तनूच्या वर्गाला देऊन आले. म्हणून नाही आणली द्राक्षं.

पुणे

परत येऊन पहिलं काम म्हणजे मॉडेलमधली ती यादी उघडली. शेकोट्या भरल्या, बंब भरले. बाईंचे हजेरीपट पुढ्यात ठेवून, टिंबं मोजून, कुठल्या महिन्यात किती ते ताडून पाहिलं. चौकोन हिरव्याचा तांबडा झाला. मी तो नकाशा बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "मिळाला. तनू हजर. आज टिंब."

फुलीचं टिंब झालं होतं. एवढ्यावर मला आठवडाभर बरं वाटलं.

एक गोष्ट राहिली होती. प्रत्येक धुरापुढे तो कशासाठी निघाला हे यादीत लिहावं लागतं: स्वयंपाक, शेती, वाहतूक. त्या पाच पहाटांपुढे मी लिहिलं: पाहुणी. संगणकाने ते घेतलं नाही. असा प्रकार यादीत नाही म्हणाला. मी नवीन प्रकार तयार केला. मग त्याने या प्रकारात किती जण, ती संख्या मागितली.

मी एक लिहिला.